दीड टनाचा एसी आणि दोन वर्षांचा ट्रेड

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "एक टन दाखवू की दीड टन?" आपण खोली किती बाय कितीची ते सांगतो, वरचा मजला आहे का ते सांगतो आणि दीड टन घेऊन घरी येतो. पण हा टन कसला? बसवायला आलेली दोन पोरं तो एसी जिन्यावरून हातात उचलून आणतात. वजनाचा टन असता तर जिनाच खाली आला असता.

हा टन बर्फाचा आहे. २००० पौंड म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत पूर्ण वितळताना आजूबाजूची जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढीच उष्णता चोवीस तासांत खोलीबाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र. तासाला १२,००० बीटीयू, किंवा साडेतीन किलोवॅट म्हणा. सुरुवातीला ही यंत्रं आली तेव्हा गिऱ्हाईक बर्फाच्या हिशेबातच विचार करायचं. तुमचं मशीन किती बर्फाचं काम करील ते बोला, एवढाच त्याचा प्रश्न असायचा. बर्फाच्या वखारी गेल्या, टन मात्र राहिला.

मित्रांनो, हे सगळं आज लिहायचं कारण असं की आयटीआय प्रवेशाच्या दिवसांत ओळखीतल्या पालकांचे फोन येतात. "फिटरला नंबर लागत नाही, इलेक्ट्रिशियन भरलंय, फ्रिज-एसीचा ट्रेड मिळतोय. घ्यावा का?" फोनवर हो किंवा नाही एवढंच सांगता येतं. त्या ट्रेडमागचा इतिहास सांगायला पोस्टच लागते. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं एका ओळीत आधीच सांगतो. या धंद्यात मशीन बहुतेक वेळा आधी आलंय आणि ते शिकवणारी शाळा मागाहून आलीय. मधल्या वर्षांची किंमत मेकॅनिकने मोजलीय, कधी हातापायाने, कधी जिवाने. आणि आत्ता आपण पुन्हा अशाच एका मधल्या काळात उभे आहोत.

सुरुवात १८३३ पासून करू. त्या वर्षीच्या मे महिन्यात बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ. थंडीत तिकडची तळी गोठतात, तो बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुश्शात दाबून भरायचा आणि विकायचा, हा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा धंदा. चार महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज कलकत्त्याला लागलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढच्या वर्षी मुंबईतही हा बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने त्याची खिल्ली उडवली, असा किस्सा मुंबईच्या इतिहासावर लिहिणारे नेहमी सांगतात. खरा असो वा तिखटमीठ लावलेला, बातमी म्हणून झकास आहे.

मुंबईत फोर्ट भागात या बर्फासाठी खास आइस हाऊस बांधलं होतं. १९२० च्या दशकात ते पाडलं आणि तिथं के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी राहिली. मद्रासचं आइस हाऊस मात्र अजून आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते, आता ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. या सगळ्या काळात थंडाव्याचं कौशल्य म्हणजे काय, तर जाड भिंत, भुसा आणि दार पटकन लावून घेण्याची शिस्त. वितळणाऱ्या मालाचा धंदा होता, पण त्यात मेकॅनिक नव्हता.

मेकॅनिक आला तो यंत्राबरोबर. आणि पहिलं चालणारं व्यापारी यंत्र बनवणाऱ्यांपैकी एक माणूस चक्क आमच्या जातकुळीचा निघाला. जेम्स हॅरिसन. मूळचा स्कॉटलंडचा, ऑस्ट्रेलियात 'जिलाँग अॅडव्हर्टायझर' या पेपरचा संपादक. छापखान्यातले खिळे ईथरने पुसताना धातू गार पडतो, हे त्याच्या लक्षात आलं असं सांगतात. ईथर उडून जाताना उष्णता घेऊन जातो. मग तोच ईथर पुन्हा पकडून, दाबून, परत उडवला तर? फ्रिजचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे. १८५० च्या दशकात हॅरिसनने बर्फाचं मशीन उभं केलं आणि त्याचं पेटंट घेतलं.

इथं थोडं थांबतो. हॅरिसनला हे सुचलं ते आभाळातून पडलं नव्हतं. ग्लासगोत तो छापखान्यात उमेदवारी करत होता, तेव्हा कामगारांसाठी चालणाऱ्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनच्या वर्गांना तो जायचा. रसायनशास्त्राची गोडी त्याला तिथं लागली. दिवसा खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचं. आपल्याकडच्या रात्रशाळा आठवा. पुढे १८७३ मध्ये त्याने गोठवलेलं मांस जहाजाने लंडनला पाठवलं, ते वाटेत खराब झालं आणि गडी पैशाने बुडाला. संपादकाने धंद्यात पडू नये म्हणतात ते उगाच नाही.

वर्ग आणि यंत्र खऱ्या अर्थाने एकत्र आले ते जर्मनीत. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल लिंडे नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी अमोनियावर चालणारं मशीन १८७६ च्या सुमारास बनवलं आणि बिअरच्या कारखान्यांनी ते उचललं. पण लिंडेंचं मला जास्त महत्त्वाचं वाटणारं काम वेगळं आहे. त्यांनी कॉलेजात यंत्रांची प्रयोगशाळा काढली, जिथं विद्यार्थी फळ्यावरचं सूत्र प्रत्यक्ष यंत्रावर ताडून बघत. त्या विद्यार्थ्यांत एक रुडॉल्फ डिझेल होता. टायफॉइडमुळे त्याची परीक्षा हुकली, तो मधला काळ त्याने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी सुल्झरच्या कारखान्यात हाताने काम करत घालवला, मग परीक्षा दिली आणि पॅरिसमध्ये लिंडेंच्या बर्फाच्या धंद्यात नोकरीला लागला. डिझेल इंजिनवाला डिझेल तो हाच. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने एकमेकांना गुरुबंधू म्हणायला हरकत नाही.

विंटरथूर हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपल्याकडे काय चाललं होतं? १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनीने कारखाना काढला आणि थोड्याच वर्षांत अमेरिकन बर्फाची जहाजं बंद झाली. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आपलं व्हीजेटीआय, सुरू झालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथंच शिकवत होते. बढतीत डावललं गेलं तेव्हा बाहेर पडले आणि पुढे कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ते आमच्या सांगली जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण व्हीजेटीआयचा रोख होता गिरण्यांवर. बर्फाच्या कारखान्यातलं अमोनियाचं यंत्र चालवायला शिकवणारी शाळा नव्हती. वाफेचं इंजिन जाणणाऱ्या माणसाने हेही बघायचं, असा मामला.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. एसी माणसासाठी जन्मलाच नाही. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात उन्हाळ्यातल्या दमट हवेने कागद फुगायचा. एक रंग छापून दुसरा चढवेपर्यंत कागदाचं माप बदललेलं असायचं, चित्र हलायचं. कॉर्नेल विद्यापीठातून वर्षभरापूर्वीच इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्या विलिस कॅरिअरने त्यासाठी हवेतला दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. आमच्याकडे ऑफसेटवर पावसाळ्यात चाररंगी पान काढलेल्या कुणालाही हा त्रास समजावून सांगायला नको. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही १९०६ मध्ये आला तो कापडगिरणीतून, स्टुअर्ट क्रेमर नावाच्या इंजिनिअरकडून. तिथं दमटपणा कमी नाही, वाढवायचा होता, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. गिरणगावातल्या खात्यांतही पाण्याचे फवारे मारत ते सुतासाठी. आत घामाने निथळणाऱ्या माणसाचा त्यात विचार नव्हता.

माणसाची पाळी मागाहून आली, आणि तीही आधी पैसेवाल्या माणसाची. १९३३ मध्ये कुलाब्याचं रीगल थिएटर सुरू झालं, थंडगार. १९३४ मध्ये फ्रंटिअर मेलला वातानुकूलित डबा लागला. तो डबा थंड कसा व्हायचा? डब्याखालच्या पेट्यांमध्ये बर्फाच्या लाद्या भरून, त्यावरून हवा खेळवून. ठरलेल्या स्टेशनांवर वितळलेल्या लाद्या बदलायच्या. म्हणजे टस्कनी जहाजानंतर शंभर वर्षांनीही साहेबाचा एसी शेवटी बर्फावरच होता!

मग १९४३. दुसरं महायुद्ध चालू, परदेशी माल मिळणं मुश्कील. मुंबईत मोहन अडवाणींनी ब्लू स्टार ही कंपनी काढली, तीनेक माणसांची. काम काय, तर जुने एसी आणि फ्रिज खोलून, दुरुस्त करून पुन्हा चालते करायचे. पुढे आइसकँडीची मशीनं बनवली. देशातल्या एका मोठ्या एसी कंपनीचा जन्म दुरुस्तीच्या बाकावर झालाय, हे या ट्रेडला जाणाऱ्या पोरांना कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगावं.

त्याच युद्धाने आपल्याला आयटीआयची कल्पना दिली. सैन्याला फिटर, टर्नर, वेल्डर हजारोंनी हवे होते म्हणून इंग्रज सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रं काढली. काही पोरांना तर शिकायला थेट इंग्लंडला धाडलं. युद्ध संपलं, फाळणी झाली, निर्वासितांना हाताला काम हवं होतं. या सगळ्यातून १९५० मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम आणली. देशभर साधारण ५० संस्थांपासून सुरुवात झाली. आज एकट्या महाराष्ट्रात चारशेवर सरकारी आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या.

नेमका तोच काळ इथं थंडाव्याचे कारखाने उभे राहण्याचा. १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स एकत्र येऊन व्होल्टास झाली. फोल्कार्टमधला 'व्हॉल' आणि टाटांचा 'टास'. ही फोल्कार्ट कंपनी १८५१ मध्ये एकाच वेळी दोन गावांत स्थापन झाली होती, मुंबई आणि विंटरथूर. डिझेलने हात काळे केले तेच विंटरथूर. १९५८ मध्ये गोदरेजने फ्रिज बनवायला घेतला, त्याच वर्षी पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली, जिचे कॉम्प्रेसर आजही कोल्ड स्टोरेजमध्ये धडधडताना दिसतात. १९६१ मध्ये अॅप्रेंटिस कायदा आला.

आयटीआयमधल्या ट्रेडचं नाव बरीच वर्षं 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' असं होतं. आता मेकॅनिकचा टेक्निशियन झालाय. दहावी विज्ञान-गणितासह पास, दोन वर्षं. आत काय शिकवतात? सुरुवात कानशीने. लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, पोरं वैतागतात. मग वायरिंग, मोटरची वाइंडिंग तपासणं. मग तांब्याची नळी. ती न चेपता वाकवणं, तोंड फुलवून फ्लेअर करणं, दोन नळ्या ब्रेझिंगने जोडणं. ज्योत जास्त झाली तर नळी वितळते, कमी झाली तर सांधा कच्चा राहतो आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक शिव्या घालतं. मग नायट्रोजन भरून दाब तपासायचा, साबणाच्या फेसाने गळती शोधायची, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल खेचून काढायची, आणि सगळ्यात शेवटी वजन करून गॅस भरायचा.

हे सगळं हाताला बसायला वेळ लागतो. आणि इथंच आपल्या शिक्षणातली जुनी फट दिसते. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या डिग्रीला रेफ्रिजरेशन हा विषय असतो. पोरं कार्नो सायकल काढतात, चार्टवरून उत्तरं काढतात, पेपर सोडवतात. त्यातली किती जण एखादा कॉम्प्रेसर स्वतः खोलतात, हे तुम्हीच तुमच्या भाच्या-पुतण्यांना विचारा. दुसरीकडे आयटीआयच्या पोराच्या हातात पाना असतो, पण दमट हवेचं गणित त्याला कुणी नीट समजावत नाही. लिंडेंनी १८७० च्या दशकात एकाच छताखाली आणलेल्या दोन गोष्टी आपण पुन्हा दोन इमारतींत ठेवल्या, आणि त्या दोन इमारतींना समाजात मिळणारा मानही वेगवेगळा. लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका.

पण खरी मोठी संख्या या दोन्ही इमारतींबाहेरच्यांची आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांची. आमच्या गावात स्टँडमागे दुकान असलेले एक दादा आहेत, पन्नाशी उलटलेले. मुंबईला चुलत्याकडे राहून शिकले. मी विचारलं, शिकवायचं कोण? म्हणाले, "शिकवत कोण नाय. पाना देताना बघायचं. चुकलं की पाठीत बसायचा." हात सोन्यासारखा आहे माणसाचा. कानाने कॉम्प्रेसरचा आजार ओळखतात. अशाच हातांवर कोकणातली, मराठवाड्यातली कितीतरी घरं उभी राहिली, कितीजण आखातात गेले. त्यांना कमी लेखायचा प्रश्नच नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि तो गॅसचा आहे.

सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असले विषारी वायू असत. गळती झाली की झोपेत माणसं मरायची. बर्लिनमधलं एक कुटुंब असं गेल्याची बातमी वाचून आइनस्टाइन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्डबरोबर त्यांनी हलते भाग नसलेल्या फ्रिजची पेटंटं घेतली. होय, तेच आइनस्टाइन. पण बाजार जिंकला थॉमस मिजलीने. १९३० मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत दाखवलं. हाच फ्रिऑन, आपल्या मेकॅनिकांच्या भाषेत आर-१२. मोठ्या एसीसाठी त्याचा भाऊ आर-२२.

या वायूंनी धंदा निर्धोक केला आणि त्याचबरोबर मेकॅनिकला एक सवय लावली. गॅस सोडून द्यायची. दुरुस्तीला मशीन आलं की आधी व्हॉल्व उघडून सगळा गॅस हवेत. नळीत हवा राहिली तर व्हॅक्यूम पंप कशाला, थोडा गॅस मारून ढकलून द्या बाहेर. शेजारी ब्रेझिंगची ज्योत पेटती असली तरी बॉम्ब होत नव्हता. (ज्योतीत त्या गॅसपासून विषारी धूर होतो, पण डोळे चुरचुरले की जरा बाहेर जाऊन यायचं, एवढीच त्याची दखल.) उस्तादाने केलं म्हणून चेल्याने केलं, चेला उस्ताद झाला आणि त्याच्या चेल्याने केलं. तीन पिढ्या.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे वायू वर जाऊन ओझोन खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगाला कळलं. १९८७ मध्ये माँट्रिअल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. दिल्लीत सही झाली, पण गॅस सोडणारा हात स्टँडमागच्या दुकानात होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या मदतीने 'हायडेकोर' नावाचा प्रकल्प निघाला, छोट्या दुकानदार मेकॅनिकांना नवे गॅस आणि नव्या पद्धती शिकवायला. पुढे तो आणखी मोठ्या योजनेत गेला, आयटीआयच्या वर्कशॉपमध्येही शिबिरं झाली. सरकारी योजनांवर मी सहसा चांगलं लिहीत नाही, पण ही कल्पना बरोबर होती. रस्त्यावरच्या मेकॅनिकला वर्गात बोलवा, त्याला 'अडाणी' म्हणू नका, हातात पंप द्या.

कारण नवे गॅस जुन्या सवयींना माफ करत नाहीत. आर-१३४ए बरोबर जे तेल लागतं ते हवेतली ओल पिऊन घेतं, तिथं व्हॅक्यूम टाळला की कॉम्प्रेसर गेलाच. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, जुने गेज आणि नळ्या चालत नाहीत. आणि आता बाजारातल्या बहुतेक नव्या घरगुती एसींमध्ये आहे आर-३२, जो सौम्य का होईना पण पेटतो. काही एसींमध्ये आर-२९० आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, घरच्या एलपीजी सिलिंडरमध्ये असतो त्या दोन मुख्य वायूंपैकी एक. पर्यावरणासाठी उत्तम, वीजही वाचते, आणि एका एसीत तो अर्ध्या किलोपेक्षा कमीच असतो. कंपनीने सांगितलं तसं बसवला तर घाबरायचं कारण नाही. पण तो हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो. बंद खोलीत व्हॉल्व उघडून त्याला 'सोडून दिला' आणि टॉर्च पेटवली तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ नको, घरातली आई सांगेल.

आणखी वाईट प्रकार म्हणजे आर-२२ च्या जुन्या एसीत स्वस्त पडतो म्हणून पेटणारा गॅस भरणं. वर मशीनवर लेबल जुनंच. पुढचा मेकॅनिक आर-२२ समजून उघडतो. तसंच नायट्रोजनचा सिलिंडर नाही म्हणून ब्रेझिंगच्या ऑक्सिजननेच दाब तपासणं. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, हे आयटीआयमध्ये सांगतात. चुलत्याच्या हाताखाली सांगतीलच असं नाही. 'एसीचा स्फोट, मेकॅनिक जखमी' अशी चार ओळींची बातमी अधूनमधून येते. कारणाच्या जागी शॉर्टसर्किट लिहिलेलं असतं आणि विषय संपतो.

हा फक्त बंगलेवाल्यांचा विषय आहे असं समजू नका. आमच्या तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतात, चार अंशांच्या आसपास, नाहीतर त्याचा रंग काळवंडतो आणि भाव पडतो. निर्यातीच्या द्राक्षाला तोडल्यापासून काही तासांत प्रीकूलिंग मिळालं नाही तर युरोपला पोहोचेपर्यंत देठ वाळतो. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली तेव्हापासून हे गणित आपला द्राक्षवाला कोळून प्यालाय. त्या मोठ्या प्लांटमध्ये बहुतेक ठिकाणी आजही लिंडेंचाच अमोनिया फिरतो. वर्षाच्या कमाईची राखण जो माणूस रात्री प्लांटरूममध्ये बसून करतो, त्याला गेज वाचायला कुणी शिकवलं, हा शेतकऱ्याने विचारायचा प्रश्न आहे. दुधाचे चिलर, लसींचे फ्रिज, रक्तपेढी, सगळीकडे तोच.

सरकारला हे कळत नाही असं नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्राने इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन जाहीर केला. पुढच्या वीस वर्षांत थंडाव्याची गरज, गॅस आणि वीज किती कमी करायची याचे आकडे त्यात आहेत, आणि त्यातच २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्टही लिहिलंय. आयटीआयच्या अभ्यासक्रमात नवे गॅस आले. पण एक कळीची गोष्ट राहिलीच. अमेरिकेत १९९४ पासून परीक्षा पास झाल्याशिवाय मेकॅनिकला गॅसच्या यंत्राला हात लावता येत नाही. आपल्याकडे असा परवाना सक्तीचा नाही. वायरमनला परवाना लागतो, रिक्षाला बॅज लागतो, औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट लागतो. पेटणारा गॅस भरायला ओळखीचा फोन नंबर पुरतो.

परवाना आला की पहिला मार स्टँडमागच्या दादांसारख्यांना बसेल, ही भीती खरी आहे. दहावी नापास माणसाला इंग्रजी पेपर दिला तर तो बादच होणार. म्हणून परीक्षा मराठीत हवी, हाताची हवी, आणि वीस वर्षं काम केलेल्याला आधीचं कौशल्य मोजून प्रमाणपत्र मिळायला हवं. पंप, वजनकाटा, गळती शोधणारं मीटर यांसाठी कर्ज किंवा अनुदान हवं. ट्रॅक्टरला अनुदान मिळतं तर व्हॅक्यूम पंपाला का नको? आयटीआयच्या शिक्षकांची रिकामी पदं भरायला हवीत, हे तर दर वर्षी लिहून आमची शाई वाळली. मुलींसाठी प्रवेशात राखीव जागा आहेत, पण या ट्रेडच्या वर्गात मुलगी दिसणं दुर्मीळ. वास्तविक लॅब, दवाखाने, बायका एकट्या राहतात ती घरं, इथं बाई टेक्निशियन असेल तर लोकांना हवीच आहे.

तर ज्यांनी विचारलं त्या पालकांना माझं उत्तर, घ्या. पण प्रवेश घ्यायच्या आधी पोराला घेऊन त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. व्हॅक्यूम पंप चालू आहे की कपाटात आहे ते बघा. नायट्रोजनचा सिलिंडर आहे का विचारा. इन्व्हर्टर एसी, आर-३२ किंवा आर-२९० चं एखादं मशीन खोलायला ठेवलंय का, की अजून पोरं वीस वर्षांपूर्वीच्या विंडो एसीवरच हात साफ करतायत? दोन वर्षांनंतर अॅप्रेंटिसशिप कुठं मिळते, मागच्या बॅचची पोरं कुठं आहेत, हे शिक्षकांना विचारा. चांगला शिक्षक असेल तर त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी मेकॅनिक आला की लेबलवरचा गॅस कुठला ते आधी त्याला वाचायला लावा. नवा एसी बसवताना पंप न लावता दहा मिनिटांत काम उरकत असेल तर थांबवा. पंपाला वेळ लागतो, तेवढा चहा पाजा. खिडक्या उघड्या ठेवा.

करारांप्रमाणे नव्या मशीनमधून आर-२२ आता बाद आहे. दुरुस्तीपुरता तो २०४० पर्यंत रेंगाळेल. किगाली करारानुसार, जो भारताने २०२१ मध्ये मान्य केला, आर-३२, आर-४१०ए हे एचएफसी गटातले गॅस २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचे आहेत. यंदा दहावी होऊन या ट्रेडला जाणारं सोळा वर्षांचं पोरगं २०४७ मध्ये चाळिशीच्या आत असेल. तोवर त्याच्या बॅगेत एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या गॅसचे सिलिंडर असणार आहेत, त्यातले काही पेटणारे, आणि पुढचा गॅस कुठला ते अजून कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही.

आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे का, किती जागा आहेत, पंप चालू आहे का, ज्यांना माहीत असेल त्यांनी खाली लिहा. आयटीआयचे माजी विद्यार्थी आणि मेकॅनिक मंडळींनी तर नक्कीच लिहा.